कौलांखाली काय घातलंय?

साठ-सत्तरच्या दशकांत रत्नागिरी-रायगडच्या किनारपट्टीवर वाढलेल्या आमच्या पिढीला वैशाख आठवतो तो आंब्यांसाठी आणि शाकारणीसाठी. आमसुलं वाळत पडलेली असायची, लाकूडफाटा आत घेणं चालू असायचं आणि घरातली पुरुषमाणसं छपरावर असायची. 7 जूनला मिरग लागायच्या आत घरावरचं कौल न् कौल परतून झालंच पाहिजे, हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे.

तेव्हा बऱ्याच घरांवर नळ्याची गावठी कौलं होती. वानरांच्या उड्यांनी, रात्री फिरणाऱ्या कांडेचोरांनी आणि माडावरून पडणाऱ्या झावळ्यांनी ती फुटत. शिडीवर एकेक पायरी धरून आम्ही पोरं उभी राहायचो आणि नळे हातोहात खाली उतरवायचो. खळ्यात आई, काकू, आत्या केरसुणीने त्यांच्यावरचं शेवाळ झाडत आणि चिरलेले बाजूला काढत. छपराची नुसती वासे-रिपांची चौकट उरली की माजघरात थेट ऊन पडायचं, आणि ज्या कोपऱ्यांत वर्षभर काळोख असे ते कोपरे आम्ही पहिल्यांदा नीट बघायचो.

त्याच वेळी कळायचं की नळ्यांच्या खालीही काहीतरी आहे. कुठे बांबूच्या कामट्यांचा थर, कुठे कारवीचा, थोड्या बऱ्या घरात फळ्या. चुलीच्या धुराने ते सगळं काळं पडलेलं असायचं आणि त्या धुरामुळे त्याला कीडही कमी लागायची. आजोबा वर चढले की आधी हा थर चाचपून बघत, नळे नंतर. कौल फुटलं तर बदलता येतं, पण खालचा थर कुजला तर घरात पाणी कुठून येतंय हे अख्ख्या पावसाळ्यात सापडत नाही, असं ते म्हणत.

मग आमच्याकडेही मंगळुरी कौलं आली. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला. एकमेकांत खाच बसणारी ही तांबडी कौलं पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आमच्याकडे ज्याच्या घरावर ती चढली, तो घराचा मान वाढला असं समजत असे. दरवर्षी सगळं छप्पर उतरवायची गरज संपली. ऐपत असलेल्या घरांनी त्यांच्याखाली सपाट कौलांचा दुसरा थर घातला. दोन थरांमधल्या पोकळीत हवा खेळायची, म्हणून मे महिन्याच्या दुपारीही त्या माजघरात चटईवर झोप लागायची.

तरीही ऐन आषाढात एखादं कौल तडकायचंच. पावसात छपरावर कोण चढणार? मग पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, कामाला यायची. वाळलेली विरी पाण्यात भिजवून मऊ करायची, कोयत्याने कौलाएवढी कापायची आणि माळ्यावर उभं राहून, आतूनच, तडकलेल्या कौलाच्या खाली सरकवायची. काकांनी शिकवलेलं एकच सूत्र: "वरचं टोक वरच्या कौलाच्या खाली, खालचं टोक खालच्या कौलाच्या वर. उलटं घातलंस तर पाणी थेट आजीच्या अंथरुणात." एवढं जमलं की गणपतीपर्यंत तिथे थेंब येत नसे.

छपराच्या पोटात घालायच्या थराचं सगळं शास्त्र त्या सूत्रात होतं, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना फार उशिरा, वादळांनी छपरं उडवल्यावर, उमगलं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कौलं पानांसारखी उधळली. वर कोरोनाची टाळेबंदी, त्यामुळे नवी कौलं आणि पत्रे मिळेनात, आणि पाऊस तर दारात. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. ज्या छपरांत कौलांखाली फळ्यांचा सलग थर होता तिथे वरची कौलं गेली तरी घरातल्यांना भांडीकुंडी, धान्य, कागदपत्रं हलवायला थोडा वेळ मिळाला. नुसत्या रिपांवर कौलं असलेल्या घरांत पाणी लगेच आत आलं.

आज गावी नवं घर बांधणारी, जुनं दुरुस्त करणारी आमचीच पोरं आहेत. त्यांना पत्र्याचा रंग आणि कौलाचा ब्रँड ठाऊक असतो, पण खालच्या थराचा प्रश्न शेवटी येतो आणि बऱ्याचदा साधी ताडपत्री पसरून मिटवला जातो. ती उन्हाने तापून काही वर्षांत कडक होऊन फाटते. साधा डांबरी कागद तापलेल्या पत्र्याखाली मऊ पडतो आणि पुढे चिरतो. फळ्यांवर घालायला न फाटणारा, उष्णता सोसणारा कृत्रिम धाग्याचा थर बरा. उकाडा कमी करायचा असेल तर चकचकीत अॅल्युमिनियमचा थर घ्यावा, पण त्याच्या चकचकीत बाजूला किमान इंचभर मोकळी हवा हवी. पत्र्याला चिकटवून टाकला तर त्याचा उपयोग जातो.

थर वळचणीपासून आढ्याकडे चढवत न्यावा आणि वरचा पट्टा खालच्यावर वीतभर तरी यावा. विरीचं सूत्र तेच. थरावर आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या ठोकाव्यात आणि त्यांच्यावर आडव्या रिपा. आडव्या रिपा थेट थरावर ठोकल्या तर आत शिरलेलं पाणी प्रत्येक रिपेशी अडतं आणि खिळ्यांतून झिरपतं. थराचं शेवटचं टोक वळचणीच्या फळीबाहेर, पन्हळीत यावं. वादळात वारा आधी कडेची आणि आढ्यावरची कौलं उचलतो. मंगळुरी कौलाला मागे तारेसाठी भोक असतं ते त्याचसाठी. निदान कडेच्या ओळी तांब्याच्या किंवा गंज न चढणाऱ्या तारेने रिपांना बांधाव्यात.

आमच्या घरांतली वडीलमाणसं यातलं काही पुस्तकात वाचून शिकली नव्हती. दरवर्षी छप्पर उघडून बघायची सवय त्यांनी ठेवली होती, आणि घराची खरी काळजी न दिसणाऱ्या जागी घ्यावी लागते हे ती सवय त्यांना शिकवत होती. आज दरवर्षी छप्पर उघडणं कुणालाच शक्य नाही. म्हणून एकदाच जे आत घालायचं ते पारखून घाला. यंदा गावी छपराचं काम काढणार असाल तर ठेकेदाराला कौलांचा भाव विचारायच्या आधी, कौलांखाली काय घालणार ते विचारा, आणि ते पसरताना स्वतः शिडीवर चढून बघा.