नाही म्हणण्याची सोय

1898 च्या डिसेंबरात पॅरिसला तह झाला. अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर द्यायचे आणि फिलिपाइन्स ताब्यात घ्यायचे, असे ठरले. त्या बेटांवर राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. या सौद्याने संतापलेल्या एका अमेरिकनाने तेवढेच दोन कोटी स्वतःच्या पदरचे मोजायची तयारी दाखवली, म्हणजे फिलिपिनोंना आपले स्वातंत्र्य सोडवून घेता येईल. हा माणूस पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी. भांडवलदार म्हणजे साम्राज्यवादी, हे समीकरण कॉलेजात पाठ केलेल्या माझ्यासारख्याला ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा पचवायला जड गेली.

त्याच सुमारास बॉस्टनमध्ये साम्राज्यविरोधी लीग उभी राहिली होती. तिच्यात कार्नेगी होता, कामगार पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स होता, तत्त्वज्ञ विल्यम जेम्स होता आणि पुढे मार्क ट्वेनही आला. मालक आणि मजूर एका व्यासपीठावर, असे दृश्य क्वचितच दिसते. पण प्रत्येकाचे कारण वेगळे होते. ट्वेनला अमेरिकेच्या ढोंगाची चीड होती. गॉम्पर्सला आशियातून स्वस्त मजुरांचा लोंढा येईल ही धास्ती होती. काही दाक्षिणात्य सिनेटरांना तर सावळ्या लोकांशी संबंधच नको होता, म्हणून त्यांचा प्रदेशही नको होता. स्वातंत्र्याची बाजू घेणारे सगळे समतावादी असतातच असे नाही.

पलीकडच्या बाजूला अल्बर्ट बेव्हरिजसारखे वक्ते होते. त्यांचा मुद्दा रोखठोक होता: आपले कारखाने आपल्याला लागतो त्याहून जास्त माल काढतात, तेव्हा जगाची बाजारपेठ आपली झालीच पाहिजे. चार्ल्स कोनंट या अर्थतज्ज्ञाने हेच भांडवलाबद्दल मांडले. घरात पडून राहिलेल्या पैशाला बाहेर वाट हवी, नाहीतर व्याज घसरणार. पुढे सरकारने या कोनंटलाच मनिलाच्या चलनाची घडी बसवायला पाठवले. त्याच्या योजनेतून 1903 मध्ये निघालेल्या नाण्यांना लोक ‘कोनंट’च म्हणू लागले.

मग कार्नेगीचे म्हणणे काय होते? बाजारपेठ त्यालाही हवीच होती. फक्त त्यासाठी परमुलखात झेंडा रोवून सैन्य पोसण्याची गरज नाही. माल स्वस्त आणि चांगला असला की तो आपोआप खपतो, असे त्याला वाटे. विल्यम ॲपलमन विल्यम्स या इतिहासकाराने 1959 च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात नेमके यावर बोट ठेवले. विस्तार हवा यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते, भांडण होते ते मार्गाचे. सिनेटमध्ये विरोधक हरले, तह 57 विरुद्ध 27 मतांनी मंजूर झाला. पण विसाव्या शतकात अमेरिकेची सत्ता जगभर पसरली ती बरीचशी हरलेल्यांच्या पद्धतीने, फारशा वसाहती न करता.

पिट्सबर्गला भाचीकडे गेलो होतो तेव्हा ती मला होमस्टेडला घेऊन गेली. कार्नेगीचा सर्वांत नावाजलेला कारखाना इथे मोनोंगाहेला नदीच्या काठी होता. 1986 मध्ये तो बंद पडला आणि त्या जागेवर आता मॉल आहे. वाहनतळाच्या कडेला विटांची बारा धुराडी तेवढी ओळीने उभी ठेवली आहेत. जवळच जुने पंपघर आहे. 6 जुलै 1892 ला पहाटे संपकऱ्यांना हटवायला पिंकर्टन कंपनीचे तीनशे भाडोत्री शिपाई बोटींतून इथेच उतरू पाहत होते. दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडचे मिळून निदान दहा जण मेले. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. कारभार हेन्री फ्रिकच्या हाती होता. अखेर राज्याचे सैन्य आले, संप मोडला आणि युनियनही. त्यानंतर जवळजवळ पंचेचाळीस वर्षे बड्या पोलाद कंपन्यांत युनियनला पाय ठेवता आला नाही. बारा तासांची पाळी मात्र चालू राहिली.

टेकाडावर कार्नेगीने गावाला दिलेले ग्रंथालय आहे. इमारत देखणी आहे, आत संगीताचे सभागृह आणि पोहण्याचा तलावसुद्धा. ते उघडले 1898 च्या नोव्हेंबरात, म्हणजे लीग स्थापन झाली त्याच महिन्यात. बारा तास भट्टीपुढे भाजून निघालेल्या माणसाने पुस्तक कधी वाचायचे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. शिवाय याच होमस्टेडमध्ये नौदलाच्या युद्धनौकांसाठी चिलखती पत्रे तयार होत. मनिलावर राज्य करू नये असे कळकळीने सांगणाऱ्याच्या गिऱ्हाइकांत नौदलही होते.

कार्नेगीला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तो प्रामाणिक वाटतो, आणि म्हणूनच विचार करायला लावतो. मनिलाच्या माणसाला आपल्या कारभाराबद्दल ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, हे त्याला पटत होते. होमस्टेडच्या माणसाला मजुरीबद्दल ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, हे पटत नव्हते. गुलामी समुद्रापलीकडची असली की ती स्वच्छ दिसते. आपल्याच कुंपणाच्या आत ती असली की तिला आपण शिस्त म्हणतो, व्यवस्थापन म्हणतो.

हीच कसोटी फिलिपाइन्सच्या पुढच्या इतिहासाला लावून पाहावी. 1934 मध्ये अमेरिकेच्या संसदेने स्वातंत्र्याचा कायदा केला. त्यासाठी जोर लावणाऱ्यांत आदर्शवाद्यांबरोबर बीटसाखरवाले होते आणि दूधवालेही. तिथून करमुक्त येणारी साखर आणि खोबरेल त्यांच्या धंद्याच्या आड येत होते. स्वातंत्र्य मिळाले 4 जुलै 1946 ला, युद्धाने मनिला बेचिराख झाल्यावर. सोबत अमेरिकेचा व्यापार कायदाही आला. अट अशी: देशाच्या खाणी-जंगलांवर अमेरिकनांनाही फिलिपिनोंइतकाच हक्क द्या, त्यासाठी घटना बदला. तोवर पाचशे डॉलरवरची युद्धभरपाई मिळणार नाही. 1947 मध्ये सार्वमत झाले आणि लोकांनी ‘हो’ म्हटले. झेंडा त्यांचा होता, मतपेटी त्यांची होती. नाही म्हणण्याची सोय मात्र नव्हती.

ही अवस्था आपण अगदीच जाणत नाही असे नाही. साठच्या दशकातल्या रेशनच्या रांगा आठवणारे अजून घरोघरी आहेत. अमेरिकेत उदंड पिकलेले धान्य पीएल 480 खाली इथे यायचे. लाल मिलोची भाकरी थापताना कडा चिरायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे, असे आई सांगायची. त्या धान्याने माणसे जगली, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण व्हिएतनामवर भारताने टीका केली तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे हात आखडून, जेमतेम महिन्याच्या हिशेबाने सोडली, हेही तितकेच खरे.

म्हणून ‘अमेरिका वाईट की चांगली’ या आपल्याकडच्या आवडत्या वादात मला फारसा रस उरलेला नाही. त्यात एकजण बॉम्बचा हिशेब मांडतो, दुसरा गव्हाचा, आणि दोघांचीही मुले न्यू जर्सीत असतात. एखाद्या व्यवहारात दुबळ्याला नाही म्हणता येते का, आणि म्हटले तर त्याची चूल विझते का, हे विचारले तर उत्तर हाती लागते. पण मग तो प्रश्न घरीही विचारावा लागतो. 1905 च्या सुमारास स्वदेशीच्या लाटेवर मुंबईच्या गिरण्यांना बरकत आली होती. त्याच वेळी गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. कापड देशी होते, बरेचसे मालकही देशी होते. कार्नेगीला जे दिसले नाही ते दादर-परळलाही दिसले नव्हते, आणि आपल्या ‘राष्ट्रीय’ उद्योगांच्या कौतुकात ते आजही सहज नजरेआड होते.