नाव कुणासाठी ठेवायचं?

जव्हार तालुक्यातल्या दाभोशाच्या डोंगरउतारावर नाचणी-वरई घेणारा शेतकरी असो की पुण्यातला बिल्डर, 'सातबारा' म्हटलं की दोघांनाही कळतं. गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक, नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही; ही लांबलचक नावं कुणी उच्चारत नाही. नमुना 6 ला मात्र कुणी 'सहा' म्हणत नाही, 'फेरफार'च म्हणतात. आखूड नाव चालतं ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने. कुणी ठरवलं म्हणून चालत नाही.

प्रोग्राम लिहिणारे आम्ही लोक मात्र नवं फंक्शन जन्माला येताच त्याचं नाव आखूड करतो. पूर्वी याला कारण होतं. 1989 च्या सी प्रमाणकात, तेव्हाच्या लिंकरांची कुवत पाहून, बाह्य नावाच्या पहिल्या 6 अक्षरांचीच हमी दिलेली होती. 'स्ट्रिंग कॉपी'चं 'एसटीआरसीपीवाय' हे त्या काटकसरीच्या काळातलं. 1999 मध्ये ती हमी 31 अक्षरांवर गेली. अडचण सरली, सवय राहिली.

तिची किंमत कशी मोजावी लागते ते पाहा. जमिनीचं क्षेत्र घेणारं एक फंक्शन आहे आणि त्यात नुसतं 'क्षेत्र' एवढंच लिहिलं आहे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, गावात बोलणं एकर-गुंठ्यांत. एक गुंठा म्हणजे सुमारे 1.01 आर. दोन्ही इतके जवळचे की गल्लत झाली तरी उत्तर बरोबरच दिसतं. पण 100 गुंठ्यांना 100 आर धरलं, की सुमारे 117 चौरस मीटर जमीन हिशेबातून जाते, म्हणजे गुंठ्याहून जास्त! वनहक्काच्या दाव्यात तुकड्या-तुकड्याने जमीन मांडणाऱ्या जव्हार-मोखाड्यातल्या कुटुंबाला हा फरक परवडणारा नाही. 'क्षेत्र_आर' असं नाव असतं, तर लिहिणारा तिथेच थबकला असता.

फंक्शनच्या पोटात, चार ओळींच्या आत, 'आय' आणि 'एन' खुशाल वापरावेत; तिथे अर्थ डोळ्यांसमोरच असतो. पण इंटरफेस दुसऱ्याच्या हाती जातो. तो माणूस आपल्या चर्चेला नव्हता, आपली टिपणं त्याच्याकडे नाहीत. त्याच्याजवळ फक्त नाव आहे. म्हणून बाहेर जाणाऱ्या नावात काम काय आणि एकक कोणतं हे स्पष्ट असावं. लिहिणाऱ्याला चार अक्षरं एकदाच जास्त टंकावी लागतात. वाचणाऱ्याचा प्रत्येक वेळचा संशय त्याने मिटतो.