स्वारगेट ते सोलापूर : दोन मोटारींचा हिशेब

स्वारगेटच्या जेधे चौकात उभे राहिले, की सोलापूरकडे निघालेल्या एस.टी. गाड्या दृष्टीस पडतात. त्या वाटेवर इंदापूर तालुका लागतो. तेथील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते वालचंद हिराचंद २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात जन्मले. भारतीय मोटार उद्योगाच्या अग्रणींपैकी ते एक होत.

१९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो व प्लिमथ या नावांची वाहने जोडली जाऊ लागली. वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२५ मध्ये आपली कंपनी उभारली होती आणि १९२८ मध्ये डॉज विकत घेतली होती.

पुढे दोघांच्या वाटा भिन्न झाल्या. क्रायस्लरने १९६६ मध्ये ‘डॉज चार्जर’ आणली. तिच्यात मागणीनुसार मिळणारे ‘हेमी’ इंजिन सात लिटरचे, ४२५ अश्वशक्तीचे होते. अशा गाड्यांना तेथे ‘मसल कार’ म्हणत. प्रीमियरने मात्र इटलीच्या फियाटशी सहकार्य केले. त्यातूनच पुढे आलेल्या ‘पद्मिनी’चे इंजिन अवघे १०८९ घनसेंटिमीटरचे होते. आपल्या रस्त्यांना आणि मध्यमवर्गीयाच्या खिशाला तेच मानवले.

विम्याचे वाढते हप्ते, धुरावरील निर्बंध आणि १९७३ चे तेलसंकट यांनी मसल कारची सद्दी संपविली. १९७९ मध्ये क्रायस्लरकडे न विकलेल्या गाड्यांचा मोठा साठा पडून होता. अखेर दीडशे कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जास अमेरिकन सरकारला हमी द्यावी लागली. ते कर्ज कंपनीने १९८३ मध्ये, मुदतीच्या सात वर्षे आधी फेडले. बँकेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला ही परतफेड चारशे अश्वशक्तीहून मोलाची वाटते.

परंतु काटकसरी पद्मिनीही टिकली नाही. बंद बाजारपेठेत ती वर्षानुवर्षे फारशी बदलली नाही. १९९१ नंतर स्पर्धेचे दार उघडताच ती मागे पडली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही ती नाहीशी झाली.

एक गाडी गरजेहून मोठी होती, दुसरी काळाहून जुनी. पेढीवर बसणाऱ्या नव्या पिढीने दोन्ही नोंदी जवळ ठेवाव्यात. वडिलांनी भरलेला माल उत्तम होता म्हणून तो उद्याही खपेलच, असे नाही. वालचंदांनी साखर, जहाज, विमान आणि मोटार असे एकामागून एक नवे उद्योग हाती घेतले. त्यांचा खरा वारसा त्या दृष्टीचा आहे.