रिकाम्या हाताने बाजारात

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशवीचे नियमन प्रामुख्याने जाडीच्या भाषेत होत आले आहे. जाडीचे माप मायक्रॉन हे असून एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, आणि गटारे तुंबण्यास पातळ पिशव्या कारणीभूत असल्याची चर्चा सुरू झाली. पुढच्याच वर्षी राज्याने अविघटनशील कचऱ्यासंबंधीचा कायदा केला. याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी निघालेल्या अधिसूचनेने जाडीचा निकष बाजूला ठेवून कॅरीबॅगवर सरसकट बंदी घातली, तर केंद्राच्या नियमांनी मात्र जाडीचाच मार्ग धरला: २०१६ साली किमान ५० मायक्रॉन, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०.

जाडी वाढवल्याने प्लास्टिक कमी कसे होईल, हा प्रश्न वरवर पाहता रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पर्यावरणशास्त्रात नसून भंगाराच्या वजनकाट्यावर आहे. आठ बाय बारा इंचांची २० मायक्रॉन जाडीची पिशवी सुमारे सव्वादोन ग्रॅम भरते, म्हणजे एक किलो माल जमवण्यासाठी कचरावेचक बाईला चारशेहून अधिक पिशव्या वाकून उचलाव्या लागतात आणि त्यांतील बहुतेक खरकट्याने चिकटलेल्या असतात. तीच पिशवी १२० मायक्रॉनची असेल तर किलोला सत्तर-पंचाहत्तर पुरतात. पातळ पिशवी नाल्यात जाते याचे कारण इतकेच की ती उचलणे कोणालाच परवडत नाही. शिवाय जाड पिशवी दुकानदाराला महाग पडते, म्हणून ती तो फुकट देणार नाही, हे नियमामागचे दुसरे गृहीतक. दोन्ही गृहीतके कागदावर बरोबर आहेत. बाजारात मात्र ग्राहकाचा संबंध मायक्रॉनशी येत नाही. तो घरातून निघताना हात रिकामा होता की नव्हता, याच्याशी येतो.

प्रस्तुत लेखिकेच्या पुण्यातील घरात बंदीची अंमलबजावणी सुरू झाली त्या जून २०१८ पासून प्लास्टिकची पिशवी न घेण्याचा नियम पाळला गेला, आणि त्या काळात ध्यानात आलेली पहिली गोष्ट अशी की ठरवून केलेल्या खरेदीत हा नियम मुळीच कठीण नसतो. रविवारी मंडईत जाताना कापडी पिशव्या घेतल्या जातात, त्यांत बटाटे-कांदे तळाशी, टोमॅटो वर आणि कोथिंबिरीची जुडी कडेला असा क्रम आपोआप लागतो, कारण हा क्रम मागच्या पिढीच्या हाताला ठाऊक होताच. नियम मोडतो तो कामावरून परतताना, रस्त्याच्या कडेला ताजी मेथी दिसते तेव्हा. अशा वेळी नेहमीच्या भाजीवाल्या मावशींनी एकदा, “पिशवी नसंल तर पदरात घ्या ताई,” असे सुचवले होते आणि सूचना थट्टेची असली तरी शास्त्रशुद्ध होती. मेथी ओढणीत बांधून घरी आली आणि मातीचे डाग धुण्यात संध्याकाळ गेली.

दुसरा अनुभव ओल्या वस्तूंचा. कापडी पिशवी वाहून नेण्याचे काम करते, धरून ठेवण्याचे नाही. प्लास्टिकची पिशवी ही दोन्ही कामे करीत होती, आणि धोरणाच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द असल्याने हा फरक दिसत नाही. दही, इडलीचे पीठ, मासळी यांसाठी डबा न्यावा लागतो, आणि डबा नेला की वजनाचा प्रश्न उभा राहतो. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला तर तो सुटतो, ज्याला तराजूच्या काळात धडा करणे म्हणत; परंतु गर्दीच्या वेळी डबा पुढे करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मागच्या रांगेने कसे पाहिले जाते, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही. मासळीवाल्या मावशींनी मात्र डब्याचे स्वागत केले. त्यांच्या दृष्टीने तो पिशवीचा वाचलेला खर्च होता.

पर्याय म्हणून आलेल्या वस्तूंपैकी सर्वांत फसवी म्हणजे साड्यांच्या दुकानांतून आणि लग्नसमारंभांतून घरात येणारी ती रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी. तिला नॉन-वोवन म्हणतात. ती विणलेली नसते, तर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून तयार होते, आणि तिचा दर्जा जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, असा मोजतात. केंद्राच्या नियमांनुसार हे माप ६० पेक्षा कमी नसावे. लेखिकेच्या घरी अशा पिशव्या ‘कापडी’ समजून माळ्यावर जपून ठेवल्या गेल्या होत्या. काही वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत त्यांतील एकीला हात लावताच तिचा भुगा झाला आणि लाल-पिवळ्या बारीक कपच्या जमिनीवर, केसांत आणि खाली उघड्या ठेवलेल्या पोह्यांच्या डब्यात पसरल्या. पोहे टाकून द्यावे लागले. प्लास्टिक टाळण्यासाठी साठवलेली वस्तू घरात प्लास्टिकचा चुरा करून बसली होती.

दंडाच्या बाबतीत २०१८ ची अधिसूचना कठोर होती: पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांचा कारावास. टोपली घेऊन बसणाऱ्या विक्रेतीच्या दृष्टीने ही रक्कम इतकी मोठी होती की तिने भीती निर्माण केली, पण सवय बदलली नाही. पथक येणार अशी कुणकुण लागली की पिशव्यांचा गठ्ठा गोणपाटाखाली जातो आणि पथक गेले की बाहेर येतो. न मागता पिशवी दिली जात नाही, मागितली तर नाही म्हटले जात नाही, अशी मधली अवस्था त्यातून तयार झाली. गिऱ्हाईक पिशवीवाचून पुढच्या टोपलीकडे वळेल ही धास्ती तिला रोजची आहे, तर पथकाची अधूनमधूनची. आयर्लंडने २००२ साली पिशवीवरचा १५ सेंटचा कर विक्रेत्यावर न टाकता गिऱ्हाइकाकडून वसूल केला आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला.

दुधाच्या पिशवीला २०१८ च्या बंदीतून वगळण्यात आले, ते तिची जाडी ५० मायक्रॉनहून अधिक असावी आणि ती परत घेण्याची किमान ५० पैशांची किंमत तिच्यावर छापलेली असावी, या अटींवर. लेखिकेच्या परिसरातील दूधविक्रेत्याने हे पैसे कधी दिले नाहीत. विचारणा केल्यावर त्याने केवळ हसून पुढच्या गिऱ्हाइकाला दोन पिशव्या मोजून दिल्या. त्यामुळे घरातील पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून रद्दीवाल्याच्या वजनात जातात. राहतो तो पिशवी कापताना निघणारा नखाएवढा त्रिकोणी तुकडा, जो कोणाच्याही काट्यावर चढत नाही आणि सिंकच्या जाळीत अडकतो. यावर घरात एकच तोडगा निघाला: कात्री अर्ध्यावर थांबवायची आणि कोपरा पिशवीलाच लोंबता ठेवायचा. हा तोडगा पाहुण्यांना समजावून सांगावा लागतो, आणि सासूबाईंना अजूनही मान्य नाही, कारण लोंबणाऱ्या कोपऱ्यामुळे दुधाची धार पातेल्याबाहेर जाते.