एकत्र वही

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ‘क्लस्टर’ म्हणजे काय, हें समजावून देण्यास फार वेळ लागत नाहीं. तीन भाऊ तीन ठिकाणीं बसलेले. प्रत्येकाजवळ घरच्या खात्याची एकेक वही. आणि कोणत्याही एका वहींत लिहिलेला व्यवहार उरलेल्या दोन वह्यांतही त्याच क्रमानें उतरला पाहिजे, हा घरचा दंडक. एखादा भाऊ आजारी पडला तरी घराचा व्यवहार खोळंबूं नये, एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप. अशा वह्या राखणें हा माझा व्यवसाय आहे. त्या कागदाच्या नसतात, सर्व्हर नांवाच्या यंत्रांत असतात, एवढाच काय तो फरक.

या वह्यांची मांडणी ज्यानें जगास शिकविली तो एडगर कॉड हा जन्मानें इंग्रज; अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनींत तो संशोधन करीत असे. १९७० सालीं त्याचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. माहिती कोष्टकांत मांडावी आणि एका कोष्टकाचें दुसऱ्याशीं नातें सामाईक खुणेनें जोडावें, ही त्याची मूळ कल्पना. रोग्याचें नांव एका कोष्टकांत, त्याला दिलेलीं औषधें दुसऱ्यांत. नांवांत दुरुस्ती करावयाची झाल्यास ती एकाच जागीं करावी लागते. ऐकावयास हें अगदीं साधें वाटतें. परंतु एक गोष्ट एकदांच लिहावी हा नियम, आणि यंत्र बिघडेल या भीतीनें तीच वही तीन ठिकाणीं ठेवावी ही गरज, यांच्यांत जो निरंतरचा झगडा आहे, त्यावरच माझ्यासारखीची उपजीविका चालते.

हा झगडा केव्हां उघडा पडतो? तिसरा भाऊ बोलेनासा होतो तेव्हां. तो गेला, कीं झोपला, कीं मधला पूल वाहून गेला? यंत्रास हें कळण्याचा मार्ग नाहीं. उशीर करणारा आणि कायमचा गेलेला, दोघेही सारखेच गप्प! अशा वेळीं दोन्ही बाजूंस वाटतें कीं पलीकडचे संपले, आतां घर आपणच चालविलें पाहिजे. आणि दोन्हीकडे नव्या नोंदी सुरू होतात. आमच्या धंद्यांत याला ‘स्प्लिट ब्रेन’, म्हणजे दुभंगलेला मेंदु, असें नांव आहे. त्यावरील उपाय सभेच्या गणपूर्तीचा. तिघांपैकीं ज्या बाजूस दोघे असतील तिनें लिहावें. एकट्या पडलेल्यानें वही मिटून स्वस्थ बसावें. त्याचें कांहींही चुकलेलें नसतें, तो चांगला धडधाकट असतो. तरीही त्यानें बसावें. चार यंत्रें दोन-दोन अशीं फुटलीं तर दोन्ही बाजू मुक्या होतात. म्हणून यंत्रांची संख्या विषम ठेवण्याचा प्रघात आहे. यंत्रें दोनच असलीं तर एक साक्षीदार नेमतात. त्याच्याजवळ वही नसते. असतें तें केवळ मत.

या ‘तरीही’चें मोल मला यंत्रांनीं नव्हे, सासरच्या घरानें शिकविलें. आमचें घर औंढा नागनाथचें. मामंजी गांवीं राहून शेती पाहत, धाकटे काका नांदेडास वकिली करीत. देण्याघेण्याची वही एकच. दिवाळीस काका आले कीं दोघे भाऊ समईपाशीं बसून ताळा पाहत. एका वर्षीं कोणत्याशा शब्दावरून बोलणें थांबलें. मामंजी आपल्या वहींत लिहीत राहिले. काकांनीं नांदेडास दुसरी वही घातली. चार वर्षांनीं वांटणीची वेळ आली तेव्हां दोन्ही वह्या शेजारीं शेजारीं उघडल्या. खोटी नोंद एकही नव्हती. परंतु विहिरीजवळचा तुकडा मामंजींनीं दोन हंगामांसाठीं एकास बटाईनें दिला होता; तोच तुकडा, त्याच हंगामांसाठीं, काकांनीं दुसऱ्यास खंडानें देऊन पैसेही घेतले होते. दोन्ही शब्द खरे, आणि दोन्ही पाळणें अशक्य!

आत्तेसासूबाई या दोघांहूनही वडील. त्या ओसरीवर बसून सर्व ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “ज्या दिवशीं तुमचें बोलणें थांबलें, त्या दिवशीं एकानें तरी लेखणी खालीं ठेवावयाची होती.”

“कोणीं, अक्का?” मामंजींनीं विचारलें.

“मला विचारलें असतेंस तर सांगितलें असतें.”

दोघांना दिलेला शब्द फेडण्यासाठीं तो तुकडा विकावा लागला. त्याबरोबर विहीरही गेली. त्या विहिरीचें पाणी आजेसासऱ्यांच्या वेळेपासून घरांत येत होतें.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदी सांभाळण्याचें काम माझ्याकडे होतें. एका रात्रीं वीज गेली आणि तिन्ही यंत्रें एकामागून एक बंद पडलीं. वीज आली तेव्हां पहांटेचे तीन वाजले होते. वार्डांतून सारखे फोन येत होते. माझ्या हाताखालचा तरुण पहिल्या यंत्राची कळ दाबण्यास निघाला. त्याची घाई स्वाभाविक होती. परंतु अशा प्रसंगीं आरंभ कोणत्या यंत्रापासून करावा, यालाच सारें महत्त्व असतें. प्रत्येक यंत्र आपल्या शेवटच्या व्यवहाराचा अनुक्रमांक लिहून ठेवतें. ज्याचा आंकडा सर्वांत पुढचा, तें आधीं उठवावयाचें. मागें राहिलेल्यापासून सुरुवात केली, तर उरलेलीं दोन्ही आज्ञाधारकपणें आपल्या ताज्या नोंदी टाकून जुनी वहीच उतरून घेतात. मीं तिन्ही आंकडे कागदावर मांडले. पुढें होतें तें तिसरें यंत्र. कोणाला रक्त चढविलें, कोणाचें औषध बंद केलें, या रात्रींतल्या शेवटच्या नोंदी फक्त त्याच्याजवळ होत्या. दहा मिनिटें अधिक लागलीं. नोंद एकही हरवली नाहीं. आरडाओरडा चालला असतां आधीं वाचावें आणि मग हात लावावा, याखेरीज या विद्येंत दुसरें रहस्य नाहीं.

नागनाथाच्या दर्शनास येणारे आतां औंढ्याजवळच्या दुधाळ्याचीही चौकशी करतात. तेथें ‘लिगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें तिच्यासाठीं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. २०३० पर्यंत ती पुरी करण्याचें योजिलें आहे. पुण्याची आयुका ही संस्था या कामांत प्रमुख आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी नळ्या, आणि त्यांतून धांवणारा लेसरचा किरण, अशी या वेधशाळेची रचना असते. अमेरिकेंत अशा दोन आहेत, एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर आधीं लिव्हिंग्स्टन येथें आणि सुमारे ७ सहस्रांश सेकंदांनीं हॅनफर्ड येथें नोंदली गेली. एकटीनेंच ऐकलें असतें तर कोणीं विश्वास ठेवला असता? रस्त्यावरून गेलेला ट्रक किंवा जमिनीचा बारीकसा हादरा, असेंच लोक म्हणाले असते.

तरी दोघींच्या साक्षीनें लहर खरी ठरली, एवढेंच. ती कोठून आली हें नीटसें कळलें नाहीं. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली, तेव्हां इटलींतील पिसाजवळची ‘व्हर्गो’ ही तिसरी वेधशाळाही जागी होती. तिला तो स्वर जवळजवळ ऐकूं आला नाहीं. परंतु ती बंद नव्हती, ऐकत होती, आणि तरीही तिला ऐकूं आलें नाहीं. त्या अर्थीं लहर तिच्या आंधळ्या बाजूनें आली असली पाहिजे, असें शास्त्रज्ञांनीं ताडलें. शोधाची जागा आकुंचित झाली, आणि त्याच दिवसांत दुर्बिणींना सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षें दूरची ती आकाशगंगा सांपडली.

हें वाचलें तेव्हां मला आत्तेसासूबाईंची आठवण झाली. त्यांच्याजवळ वही नव्हती; त्या गप्प बसून ऐकत होत्या, म्हणून त्यांचें मत कोणास घ्यावेंसें वाटलें नाहीं. आपल्या घरांतून अशी एखादी वडीलधारी बाई अजूनही ओसरीवर बसलेली असते. भावाभावांचें बोलणें थांबण्यापूर्वीं तिला एकदां विचारून पाहावें. दुधाळ्याचें काम पुरें झालें म्हणजे आकाशांतल्या गोष्टींविषयीं औंढ्याचें मत तर सारें जगच विचारणार आहे.