आठशेची लेन्स घेऊ नकोस

पिंपळगाव रेणुकाई,
श्रावणातली एक दुपार

अगं,

तुझा निरोप रात्री अडीचला आला. दुकानातल्या काचेच्या कपाटाचा फोटो आणि खाली तीनच शब्द : ‘आठशेची घेऊ का?’ तुला सांगते, अर्धवट झोपेत मला वाटलं, तू साडीबद्दल विचारते आहेस. मग फोटो मोठा करून पाहिला, तर कॅननची ८०० मिलिमीटरची लेन्स! एफ ११ वाली. २०२० साली आलेली, सव्वा किलोची, आणि एवढ्या लांब पल्ल्याच्या मानाने स्वस्त. तुझा जीव का अडकला ते कळलं मला. पण चपला घरी आणून मग ‘मला होतील का गं’ विचारणारी तू, निदान या वेळी आधी विचारलंस, याचाच मला इतका आनंद झाला की एका ओळीत उत्तर देववेना. म्हणून हे पत्र. चहा करून घे आणि मग वाच.

इकडे पाऊस बरा आहे. मिरचीचा हंगाम भरात आहे, बाजाराच्या बाजूने वारा आला की हिरव्या मिरचीचा तो ओला, तिखट वास थेट माजघरात येतो. काकू परवा भेटल्या. तुझ्या येण्याचे दिवस बोटांवर मोजतायत. लेन्सची किंमत त्यांना सांगितलेली नाही, काळजी करू नकोस.

डिसेंबरात आपण आधी पैठणला नाथसागरावर आणि मग ताडोब्यात जायचं म्हणतोय, तर रंगीत तालीम हवीच. म्हणून संभाजीनगरहून १५०-६०० ची लेन्स तीन दिवसांसाठी भाड्याने आणली, सिग्माची. घरी आणताना वाटेत बाजारात थांबले, कारण मला तिचं खरं वजन बघायचं होतं. मिरचीच्या गोण्या मोजतात त्या काट्यावर कॅमेऱ्यासकट ठेवली. अगं, हमाल, व्यापारी, ट्रकवाला, सगळे गोळा झाले. काट्याने दोन किलो सातशेच्या जवळपास दाखवलं. एक आजोबा वाकून बघत म्हणाले, “बाई, हिचा किलोला भाव काय?” आकडा ऐकल्यावर त्यांनी टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, “मग हिला गोणीत नका घालू, कडेवर घ्या.” सगळा बाजार हसला. तू असतीस तर गोण्यांवर बसून हसली असतीस.

पण ते वजन लक्षात ठेव. दोन किलो सातशे ही हातात धरायला गंमत वाटते, पहिली पाच मिनिटं. जिप्सीत सकाळचे तीन-चार तास धक्के खात बसायचं असतं आणि वाघ येतो तो नेमका हात भरून आल्यावर. तुझा हात तर तिळगूळ देतानाही हलतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सावरतं, हे खरं. प्राण्याची हालचाल मात्र ते थांबवू शकत नाही, हे लोक विसरतात. म्हणून मी जुन्या जीन्सच्या पायाची एक पिशवी शिवली आहे आणि तिच्यात आपल्या शेतातला मका भरला आहे. जिप्सीच्या दांडीवर ती ठेवायची, वर लेन्स टेकवायची. विकतच्या बीन बॅगपेक्षा काकणभर सरसच आहे. तुझ्यासाठी दुसरी शिवते.

दुसऱ्या दिवशी लेन्स घेऊन कुठे गेले असेन, ओळख! तुमच्या जुन्या विहिरीवर. ती बाभूळ अजून तशीच आहे, पाण्यावर झुकलेली, आणि या वर्षीही सुगरणींनी तिला खोपे लटकवले आहेत. पिवळाधमक नर गवताची पाती चोचीत धरून येतो, अर्ध्या खोप्याला उलटा लटकतो, पंख फडफडवतो, आणि मादी येऊन आत डोकावून निघून जाते. तो परत विणायला लागतो. मी दीड तास पाहत होते. विहिरीच्या अलीकडच्या काठावर, लिंबाखाली बसून, वीसेक मीटरवरून. त्यांना माझी दखलही नव्हती. तेव्हा मला तू आठवलीस, सातवीतली, त्याच फांदीवर पोटावर सरपटत जाणारी. खोपा काढून आणलास आणि आत पिल्लं निघाली. तू दोन दिवस जेवली नव्हतीस. तुला खरं सांगते, लांब पल्ल्याच्या लेन्सची किंमत मला त्या बाभळीखाली पटली. आपण दूर बसावं आणि पक्ष्याचं काम चालू राहावं, एवढ्यासाठी ती हवी.

आता तुझी आठशेची. गेल्या एप्रिलात मी मोहर्ली गेटने ताडोब्यात गेले होते तेव्हाची गोष्ट ऐक. बांबूतून एक वाघीण निघाली आणि रस्त्यावर आली, आमच्यापासून फार तर वीस मीटरवर. शेजारच्या जिप्सीत एक जण भली मोठी ६०० ची लेन्स घेऊन बसला होता. बिचारा मागे सरकत सरकत सीटवर चढला. त्याला वाघिणीचा कान मिळाला, मग डोळा, मग पट्टे. मी १००-४०० घेऊन होते. मला वाघीण मिळाली, शेपटीसकट, आणि तिच्या मागचा वाळलेला बांबू, धूळ, रस्ता, सगळं.

यात नशीब नाही, गणित आहे. तुझा कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे त्याच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. वीस मीटरवरच्या प्राण्यावर ८०० ची लेन्स लावलीस तर चौकटीत ९० सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मावतं. ६०० ने १ मीटर २० सेंटिमीटर. वाघ शेपटीसकट अडीच-तीन मीटर लांब. १०० वर आणलंस तर सात मीटरहून जास्त मावतं. आणि ती आठशेची झूम नाही, तिला मागे येता येत नाही. जिप्सी रस्ता सोडू शकत नाही, आपण खाली उतरू शकत नाही, गाभा क्षेत्रात मोबाइलही नेऊ देत नाहीत की चटकन त्यावर काढू. शिवाय तिला सहा मीटरच्या आतलं काही फोकसच होत नाही. हरियल शेजारच्या फांदीवर येऊन बसला तर तू नुसती बघत राहशील.

पण माझी खरी हरकत लांबीला नाही, उजेडाला आहे. डिसेंबरात ताडोब्यात पहाटे आत शिरतो तेव्हा सागाखाली काळोखच असतो, तलावावर धुकं असतं. एफ ५.६ च्या तुलनेत एफ ११ ला उजेड एक चतुर्थांश येतो. म्हणजे जिथे एक पंचशतांश सेकंदात फोटो मिळाला असता तिथे एकशे पंचविसांश घ्यावा लागेल आणि चालत्या वाघाचे पाय पुसट येतील. नाहीतर आयएसओ ३२०० चा १२८०० करायचा आणि वाघावर रवा सांडल्यासारखा फोटो घरी न्यायचा. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्री, सगळी उन्हं वर यायच्या आत आणि उतरल्यावर हिंडणारी. लेन्स घेताना लोक आधी ‘किती लांबचं दिसतं’ विचारतात. मला वाटतं, ‘पहाटे साडेसहाला किती दिसतं’ हे आधी विचारावं. भर उन्हातल्या पक्ष्यांसाठी तुझी ती लेन्स चांगलीच आहे, तिला मी नावं ठेवत नाही.

मग उजेडही हवा, लांबीही हवी, तर? त्या एफ ४ च्या ६०० असतात ना, मॅचमध्ये सीमारेषेवर मांडलेल्या दिसतात तशा. सहाशेला चारने भाग. दीडशे. म्हणजे पुढची काच निदान दीडशे मिलिमीटरची, आपल्या नाश्त्याच्या बशीएवढी, तीही नितळ घडवलेली. म्हणून तीन किलो वजन आणि म्हणून ती किंमत. त्यांचा विचार सोडून दे. टेलिकन्व्हर्टरचाही सोड, १.४ चा लावला तरी अर्धा उजेड जातो.

नाथसागराची तऱ्हा उलटी. साडेतीनशे चौरस किलोमीटरचं पाणी, काठ उथळ, आणि पक्षी आत, लांब. रोहित पक्षी चार-साडेचार फूट उंच, पण शंभर मीटरवर उभा असला की साध्या लेन्सच्या चौकटीत तो गुलाबी टिपका. तिथे मला लांबी हवीच. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ६०० ची लेन्स त्यावर ९६० सारखी दिसते. शंभर मीटरवर पावणेचार मीटरचं दृश्य भरतं, रोहितांची एक जोडी ऐसपैस मावते. फक्त सकाळी लवकर जायचं. उन्हं तापली की हवा थरथरायला लागते. मी मे महिन्यात आपल्या माळावर लांबवरच्या रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, फोटो काढून पाहिले होते, जुन्या लेन्सने. बाराच्या उन्हात एकाही रोह्याची कड सरळ आली नाही, पाण्यात बुडवल्यासारखी. तिथे महागडी लेन्स असती तरी उपयोग नव्हता, जवळ जाणं किंवा लवकर उठणं हेच उपाय. आणि लवकर उठणं म्हणजे तुझ्यासाठी काय, हे मला वसतिगृहापासून माहीत आहे. मी उठवेन.

तेव्हा माझं म्हणणं असं. तू तिकडून कॅननची १००-५०० दहा-पंधरा दिवसांसाठी भाड्याने घेऊन ये. दीड किलोच्या आसपास आहे, १०० पर्यंत मागे येते, आणि ३०० वर एफ ५.६ देते, ताडोब्यात निम्मे फोटो तिथेच निघतात. ५०० ला एफ ७.१ होते, तेवढं सोसू. मी इथून १५०-६०० घेते. दोघी एकाच जिप्सीत. जवळ आलं ते तुझं, लांब राहिलं ते माझं, आणि धुळीत लेन्स बदलायची वेळच येणार नाही. नाथसागरावर दुपारपर्यंत माझी तुला, तुझी मला. तुझी तक्रार आत्ताच ऐकू येतेय, ‘म्हणजे वाघ तुझ्या वाट्याला लांबचा!’ चालेल मला.

आणखी एक, जिप्सीवाल्या दादांना ‘अजून पुढे घ्या’ म्हणायचं नाही. तू मागच्या वेळी गवा बघून म्हणाली होतीस. प्राण्याची वाट अडवून मिळालेला फोटो मला नको आणि तुझ्या कॅमेऱ्यातही नको.

परवा धाडकडचे पाहुणे आले होते, त्यांनी परत त्या वाघाचा विषय काढला. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात पट्टा असलेला, तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचलेला. वाटेत कापसाची शेतं, रस्ते, गावं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, आणि किती थोड्या लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं असेल! पाहुण्यांच्या आजी म्हणाल्या, “आला असंल रातचा रानातून, पाणी पिऊन गेला असंल.” मला ते फार आवडलं. तू आलीस की त्या आजींकडे नेते तुला, भाकरी आणि ठेचा खायला. ठेच्याची मिरची इथलीच, यंदा झणझणीत आहे.

ताडोबा मंगळवारी बंद असतो, तेव्हा विमानाची तारीख त्या हिशेबाने बघ. सफारीच्या बुकिंगला ओळखपत्राचा नंबर लागतो आणि तेच ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. तुझ्या पासपोर्टचा नंबर या आठवड्यात पाठव. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांच्या जागा भराभर जातात. आणि ती आठशेची अजून हातात असेल, तर काउंटरवर परत ठेव आणि बाहेर ये.

तुझीच