विस्मृतांचे वकीलपत्र

रसिक म्हणवून घेणाऱ्या माणसाच्या माथी एक ऋण असते. जे आपणांस आवडले, ते दुसऱ्यास सांगितल्यावाचून त्याने राहू नये. देवळातला प्रसाद एकट्याने खाण्यासाठी कोणी घरी आणीत नाही. चिमूटभर का होईना, तो शेजारी जातोच. जुन्या मासिकांची व मागे पडलेल्या चित्रपटांची गोष्ट याहून निराळी नाही. प्रसिद्धांना वाचक व प्रेक्षक आपोआप मिळतात. विस्मृतांना मात्र वकील लागतो. आमचा व्यवसायच तो असल्यामुळे अशी चार-दोन वकीलपत्रे आम्ही आज स्वखुशीने घेत आहोत. फी अर्थातच नाही.

आमचा मुक्काम बडोद्यास, लहरीपुऱ्यात. लहरीपुरा दरवाज्याजवळच न्यायमंदिराची 1896 सालची भव्य इमारत उभी आहे. 2018 साली न्यायालये तेथून हलली व पक्षकारांची वर्दळ थांबली. बाजाराची गर्दी मात्र आहे तशीच आहे. या गर्दीतल्या मराठी माणसांना आम्ही कधीमधी विचारतो, “‘अभिरुची’ हे नाव ऐकले आहे काय?” बहुतेकांस ते एखाद्या खानावळीचे वाटते!

वास्तविक ‘अभिरुची’ हे मासिक याच बडोद्यातून 1943 साली पु. आ. चित्रे यांनी सुरू केले. पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर, गुजराती मुलखात निघालेले हे मासिक मराठी नवसाहित्याचे एक माहेरघर ठरले. ‘निषाद’ या नावाने मं. वि. राजाध्यक्ष त्यात ‘वाद-संवाद’ हे सदर लिहीत. पु. ल. देशपांडे यांचे उमेदवारीच्या काळातील लेखन त्यात आले. राजाध्यक्ष, अलूरकर व पु. ल. या तिघांनी मिळून ‘पुरुषराज अळूरपांडे’ हे चमत्कारिक नाव धारण केले, तेही याच मासिकात. मर्ढेकरांची उंदरांवरील ती गाजलेली कविता 1946 साली येथेच छापली गेली आणि मराठी रसिकांत केवढा गदारोळ उडाला! पुढे मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या 1947 सालच्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला व कवी निर्दोष सुटला, हे आम्हां वकिलांस विशेष अभिमानाने सांगावेसे वाटते.

यावर आमचे एक व्यवहारी स्नेही म्हणतात, “जे टिकले नाही ते टिकण्याच्या योग्यतेचेच नव्हते. काळ हा सर्वांत मोठा न्यायाधीश.” हे वचन ऐकण्यास गोड आहे, पण कायद्याच्या कसोटीस उतरत नाही. प्रतिवादी हजर नसेल तर न्यायाधीश कितीही थोर असो, निकाल एकतर्फी लागतो. काळाचे बहुतेक निकाल असे एकतर्फी असतात. विस्मृतीत गेलेली कृती गुणाने हरलेली नसते. तिच्या बाजूने बोलावयास त्या दिवशी कोणी उभे राहिलेले नसते, इतकेच. आणि एकतर्फी हुकूमनामा रद्द करवून दावा पुन्हा चालविता येतो, हे कोणताही नवशिका वकील सांगेल.

तर आता आमचे साक्षीदार. पहिला, ‘लग्न पहावे करून’ हा 1940 सालचा चित्रपट. चिमणराव म्हटले की आज दूरदर्शनवरील दिलीप प्रभावळकर आठवतात. परंतु त्यापूर्वी कितीतरी वर्षे मास्टर विनायक यांच्या दिग्दर्शनाखाली दामुअण्णा मालवणकर पडद्यावर चिमणराव झाले होते. या चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकवीत असत. बौद्ध ग्रंथांचा व्यासंग आणि मध्यमवर्गीयाच्या फजितीवरचे निर्मळ हसू एकाच माणसाच्या ठायी नांदत होते, हे ध्यानात ठेवून तो चित्रपट पाहावा.

दुसरा साक्षीदार हिंदी आहे. ‘अभिरुची’कार चित्रे यांचे चिरंजीव दिलीप चित्रे 1938 साली बडोद्यातच जन्मले. पुढे मुंबईत अरुण कोलटकर आदी मित्रांसह त्यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चालविले आणि 1983 च्या सुमारास भाऊ पाध्ये यांच्या कथेवरून ‘गोदाम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपल्याकडे तो किती जणांनी पाहिला, हे न विचारलेले बरे. वडिलांचे मासिक, मुलाचे अनियतकालिक व चित्रपट हे तिन्ही एकाच घरचे, आणि तिन्ही आज शोधूनच काढावे लागतात.

तिसरी साक्ष कोकणीची. ज्या प्रियोळ गावी श्रीमंगेशाचे देवालय आहे, तेथेच रवींद्र केळेकर राहत व ‘जाग’ हे कोकणी मासिक संपादित. मंगेशीस दर्शनास जाणाऱ्यांनी ‘जाग’चा एखादा जुना अंकही मिळवावा. त्याच्या जोडीस ‘पल्तडचो मुनिस’ हा लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा कोकणी चित्रपट पाहावा. महाबळेश्वर सैल यांच्या कथाकृतीवरील या चित्रपटास 2009 साली टोरांटो येथे समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. रानातला एक एकाकी वनरक्षक वेड्या स्त्रीस आसरा देतो व गाव त्याला परका लेखू लागतो. देवळात जाणाऱ्या आपण सर्वांस तो चित्रपट एक अवघड प्रश्न विचारतो: हात जोडणे सोपे, दार उघडणे सोपे आहे काय?

या खटल्यात पणाला काय लागले आहे, तेही सांगितले पाहिजे. बडोद्यातील मराठी घरांत मुले मराठी बोलतात, पण वाचतात गुजराती वा इंग्रजी. घरातील वडीलधारे माणूस जाते, माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात आणि तराजूत पडतात. रद्दीवाला वजन जाणतो, मजकूर नव्हे. त्या गठ्ठ्यात ‘अभिरुची’चा शेवटचा धड अंक असेल, तर त्याचे अपील कोणत्याही न्यायालयात चालत नाही.

म्हणून वाचकहो, आमची प्रार्थना एवढीच. गठ्ठा विकण्यापूर्वी एकदा सोडून पाहा. एक अंक तरी जाहिरातींसकट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. उत्सवाच्या दिवसांत देवळाच्या सभामंडपात कीर्तन झाल्यावर त्यातली एखादी कथा कोणी मोठ्याने वाचली, तर देव रागावणार नाही. आणि अंक आवडला, तर तो कपाटात बंद करू नका. पुढल्या वाचकाच्या हाती द्या.